बीपीची गोळी, चक्करची गोळी आणि दारू : मेंदूत नेमकं काय होतं?

आमच्या चंदगडात एक समज चांगलाच फिरतो. 'बीपीची गोळी चालू असली की दारू लवकर चढते.' दुसरा समज याच्या बरोबर उलट : 'गोळी असली की चढतच नाही, बिनधास्त घ्या.' आणि तिसरा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो : 'आज पार्टी आहे ना, मग आजची गोळी नको.' मोबाईलवर शोधलं तर तिन्ही बाजूंचे व्हिडिओ मिळतात, आणि प्रत्येकाखाली 'एकदम बरोबर भाऊ' म्हणणारे शंभर जण असतात.

हे तुम्हाला, म्हणजे विशी-पंचविशीतल्या वाचकांना कशाला सांगतोय? कारण घरातला फोन तुमच्या हातात असतो. वडिलांच्या गोळीचं पाकीट व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते तुमच्याकडे, आणि 'जरा बघ रे नेटवर, चालतं का' हे विचारलं जातं तेही तुम्हालाच. त्यात आमचा तालुका असा जागेवर बसलाय, की एका बाजूला तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि लगेच गोवा, दुसऱ्या बाजूला शिनोळी ओलांडली की बेळगाव. काजू इथेही पिकतो आणि गोव्यातही. फरक एवढाच, की तिकडे त्याच्या बोंडाची उर्राक आणि फेणी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी दारू पिणारे महाराष्ट्रात १३.९ टक्के निघाले, गोव्यात ३६.९ टक्के. आपण या दोन आकड्यांच्या मधल्या घाटात राहतो.

आणि बीपीच्या गोळ्याही घरोघरी आहेत. २०१७ च्या शेवटी भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा सिंधुदुर्ग होता. तिथल्या उपचारपद्धतीत पहिली गोळी असते अ‍ॅम्लोडिपिन. आजच्या विषयाची नायिका म्हणा किंवा खलनायिका म्हणा, ती हीच.

आधी पाकीट वाचा

मेडिकलमधून आलेल्या पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते नाव शोधून उपयोग नाही. एकाच औषधाला आपल्याकडे कितीतरी नावं असतात, आणि परदेशी वेबसाइटला त्यातलं एकही माहीत नसतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते बघा. बारीक म्हणजे फारच बारीक, त्यामुळे फोनचा कॅमेरा लावून मोठं करा.

शेवटी 'डिपिन' आलं तर ओळखायचं, ही कॅल्शियम अडवणारी गोळी : अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, सिलनिडिपिन. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हे त्याच घराण्यातले, पण त्यांच्या नावावरून कळत नाही. काही पाकिटांवर दोन नावं असतात, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन आणि अटेनोलॉल. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झालाय. स्कॅन केलं की मूळ नाव, कंपनी, बॅच, तारखा दिसतात. गोळी अस्सल आहे का हे बघायला छान. पण दारूबद्दल तो कोड काही बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दरवाजा, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं. पण पेशीच्या दृष्टीने कॅल्शियम हा एक सिग्नल आहे, फोनवरच्या नोटिफिकेशनसारखा. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. म्हणजे बाहेर एसटी स्टँडवर गणपतीची गर्दी आणि आत रिकामी गाडी. पेशीच्या भिंतीत छोटे दरवाजे असतात, त्यांना कॅल्शियम चॅनल म्हणतात. विजेचा इशारा मिळाला की दरवाजा क्षणभर उघडतो, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी कामाला लागते.

रक्तवाहिनीच्या स्नायूत हा दरवाजा उघडला की वाहिनी आवळते. अ‍ॅम्लोडिपिन तो दरवाजा अडवतं, वाहिनी सैलावते, बीपी उतरतं. एवढीच तिची गोष्ट.

पण हेच दरवाजे मेंदूतही आहेत, वेगवेगळ्या प्रकारचे. एका मेंदूपेशीने दुसरीला निरोप द्यायचा तर आधी कॅल्शियम आत यावं लागतं. असे लाखो निरोप एकदम चालले की डोक्याच्या कातडीवर अगदी हलकी वीज मोजता येते. त्या आलेखाला ईईजी म्हणतात. ही वीज किती असते? काही दशक मायक्रोव्होल्ट. तुमच्या फोनची बॅटरी साधारण ३.८ व्होल्टची, म्हणजे ५० मायक्रोव्होल्टच्या लहरीपेक्षा पाऊण लाख पट मोठी. म्हणून मनगटावरचं घड्याळ 'तुमचा मेंदू शांत आहे' असं दाखवतं तेव्हा ते मेंदू मोजत नसतं. ते नाडी मोजतं आणि अंदाज बांधतं.

आता दारू. दारूचा असा एक ठरलेला दरवाजा नाही, ती घरभर फिरणारी पाहुणी आहे. मेंदूचा ब्रेक म्हणजे गाबा नावाचं रसायन, त्याचा जोर ती वाढवते. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे ग्लुटामेट, त्याच्या एका महत्त्वाच्या स्वीचवर ती हात ठेवते. आणि कॅल्शियमचे काही दरवाजेही ती अर्धवट अडवते. परिणाम सगळ्यांनी पाहिलेला आहे : आधी जीभ मोकळी, मग पाय मोकळे. ईईजीवर सावकाश लहरींचा जोर वाढलेला दिसतो.

म्हणजे गोळी आणि दारू दोघीही एकाच प्रकारच्या दरवाजावर टेकतात. मग दोघी मिळून दुप्पट झिंग यायला हवी, नाही का?

प्रयोगात काय दिसलं

उंदरांमध्ये साधारण तसंच दिसलं. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये हिलरी लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम बरंच केलं. कॅल्शियमचे दरवाजे अडवणारं औषध दिलं की त्याच दारूने उंदीर जास्त गुंगले. तिथूनच 'गोळी असली की जास्त चढते' ही गोष्ट पसरली असावी, असा माझा अंदाज.

माणसांत मात्र चित्र बरंच फिकं आहे. १९९८ मध्ये इस्राडिपिन या 'डिपिन' घराण्यातल्या औषधावर माणसांतला प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी गोळी, मग दारू. दारूचे वागण्यावरचे परिणाम गोळीने कमी झाले नाहीत. म्हणजे 'गोळी घेतली की चढत नाही' हे तिथेच बाद. उंदीर आणि माणसात हा फरक का, याचं एक साधं कारण डोसमध्ये आहे. उंदराला वजनाच्या हिशोबात भरपूर औषध देता येतं, बीपीच्या माणसाला तेवढं दिलं तर तो उभाच राहणार नाही. दुसरं म्हणजे मेंदूभोवती रक्तातल्या गोष्टी गाळणारी एक भिंत असते. निमोडिपिनसारखं औषध ती बऱ्यापैकी ओलांडतं, म्हणून मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या रुग्णांना ते देतात. रोजच्या बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनला ती भिंत तितकी ओलांडता येत नाही.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे : व्हेरापामिल. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा निरोगी माणसांना काही दिवस व्हेरापामिल देऊन मग दारू दिली. रक्तातल्या दारूची सर्वोच्च पातळी सुमारे १७ टक्क्यांनी वर गेली, दारू शरीरातून बाहेर पडायला वेळ लागला आणि माणसांना नशा जास्त वेळ जाणवत राहिली. इथे गंमत मेंदूच्या दरवाजात नाहीच. शरीरातून दारू काढून टाकायचं कामच या गोळीने मंदावलं. त्या प्रयोगात वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम अल्कोहोल होतं. सत्तर किलोच्या माणसाला ५६ ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या दारूच्या साठ मिलीच्या एका पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे जेमतेम तीन पेग. ज्याला आपल्याकडे 'जास्त नाही घेतली' म्हणतात, तेवढेच. आणि गाडी चालवायची कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. तिथे 'नेहमीएवढीच घेतली होती' हा हिशोब व्हेरापामिलवाल्याच्या कामाचा नाही.

झिंग नव्हे, बीपी

अ‍ॅम्लोडिपिनवाल्याचा खरा प्रश्न मेंदूपेक्षा बीपीचा आहे. फोनवरची औषधं तपासणारी अ‍ॅप या जोडीपुढे बहुतेक 'मध्यम धोका' असं काहीतरी दाखवतात. लोकांना तो 'अर्धा ग्लास चालेल' असा इशारा वाटतो. त्याचा अर्थ तसा नाही. दारूही रक्तवाहिन्या सैल करते, गोळीही करते. दोन्ही मिळून उभं राहताना बीपी एकदम घसरू शकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. आणि आजूबाजूचे म्हणतात, 'चढली त्याला.' मेंदूला रक्त कमी पडलेलं असतं, ते झिंगेच्या नावावर खपून जातं. अशा वेळी त्याला ओढून उभं करू नका. आडवं झोपवा आणि पाय थोडे उंच ठेवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध नीट नसेल तर कुशीवर वळवा.

आणखी एक चकवा. भरपूर दारू घेतल्यावर सुमारे १२ तासांपर्यंत बीपी कमी राहतं आणि १३ तासांनंतर वाढतं. रात्री मशीन लावून 'बघ, दारूने बीपी उतरलं' म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन लावत नाही.

आता ती 'आजची गोळी नको' वाली युक्ती. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून अर्धी व्हायला ३० ते ५० तास लागतात. सकाळची गोळी चुकवली तरी रात्री रक्तात कालची आणि परवाची आहेच. म्हणजे पार्टीपुरतं काहीच साधत नाही. उलट गोळ्या चुकवायची सवय लागते, आणि पुढे जे वाढतं ते बीपी. फोनमध्ये गोळीचा रिमाइंडर लावून दिला असेल, तर शनिवारी-रविवारी तो 'नंतर' करून ठेवला जातोय का, हे एकदा बघा. काही अ‍ॅपमध्ये महिन्याची नोंद दिसते. त्यात शनिवार रिकामे असतील तर कारण तुम्हाला कळलंच.

घाटातली गोळी

माझ्या मते आपल्या भागात बीपीच्या गोळीपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं ते चक्करच्या गोळीकडे. गाडी लागते, घाटात मळमळतं, मान हलवली की गरगरतं, म्हणून सिनारिझिन घेतलं जातं. कधी त्याच्या जोडीला त्याच पाकिटात डायमेनहायड्रिनेट असतं. अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन दिलं जातं. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन हीसुद्धा कॅल्शियमचे दरवाजे अडवणारी औषधं आहेत, पण कुणी त्यांना बीपीच्या गोळीच्या रांगेत बसवत नाही.

यांचा कारभार वेगळा. ही मेंदूपर्यंत पोचतात, आणि शिवाय सर्दीच्या जुन्या गोळ्यांसारखी हिस्टामिनही अडवतात. म्हणून झोप येते. दारू झोपवते, ही झोपवतात, बेरीज सरळ आहे. तिलारीच्या वळणांवर गाडी लागू नये म्हणून जाताना गोळी, खाली उतरल्यावर दोन पेग, आणि तोच माणूस संध्याकाळी गाडी घेऊन घाट चढणार. त्याला स्वतःला तो ठीक वाटेल, कारण सुस्ती आधी निर्णय बिघडवते आणि मग कळते. फ्लुनारिझिनचं तर शरीरातून अर्धं होणं तासांत नाही, आठवड्यांत मोजावं लागतं. 'गोळी परवाच बंद केली' याला तिथे फारसा अर्थ नाही.

नसांच्या दुखण्यावर, पायाच्या मुंग्यांवर जी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन देतात, तीही कॅल्शियम चॅनलच्याच एका भागाला चिकटतात. गाबापेंटिनच्या नावात 'गाबा' असलं तरी तिचं काम गाबावर नाही. या गोळ्यांसोबत दारू घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. इथे 'थोडी चालते का' हा प्रश्नच विचारू नका.

श्रावणातले पहिले तीन दिवस

आतापर्यंत बोललो ते एका रात्रीच्या दारूबद्दल. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत मात्र वेगळंच काहीतरी चाललेलं असतं, आणि कॅल्शियमच्या दरवाजांची खरी गोष्ट तिथे आहे.

समजा तुम्ही इअरफोनवर गाणं ऐकताय आणि कुणीतरी इअरफोनवर कापूस लावला. तुम्ही काय कराल? आवाज वाढवाल. रोज कापूस, रोज आवाज वरच. मेंदू हेच करतो. दारू रोज दरवाजे दाबून धरते, म्हणून मेंदू जास्तीचे दरवाजे बसवतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, सतत दारू दिलेल्या उंदरांच्या मेंदूत 'डिपिन' औषधं जिथे चिकटतात त्या जागाच वाढलेल्या सापडल्या. म्हणून त्याच माणसाला आता तीन पेगांनी काही होत नाही. लोक म्हणतात 'पचते त्याला'. पचत वगैरे नाही, आवाज वाढवून ठेवलाय.

आणि मग एक दिवस कुणीतरी कापूस झटकन काढतो. गटारी होते, दुसऱ्या दिवशी श्रावण. किंवा बायकोने शपथ घातलेली असते, किंवा माळ घातलेली असते. हेतू सोन्यासारखा, पण मेंदूचा आवाज अजून पूर्ण वर आहे. जास्तीच्या दरवाजांतून कॅल्शियम धो धो आत, ब्रेक सैल, अ‍ॅक्सिलरेटर मोकळा. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. शेवटच्या पेगानंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत काहींना भास होतात, माणूस भिंतीवरचे किडे वेचायला लागतो, ओळख विसरतो. घरात मग 'बाहेरचं काहीतरी लागलं' अशी चर्चा सुरू होते आणि अंगारा आणायला माणूस धावतो. ही बाहेरची बाधा नाही. याला जीव जाण्याइतकी गंभीर अवस्था म्हणतात, आणि ती दवाखान्यात सांभाळता येते.

उंदरांमध्ये दरवाजे अडवणारी औषधं दिली तर दारू तोडल्यावरचा हा त्रास कमी झाला, हे १९८६ मध्येच दिसलं होतं. यावरून काही जण पुढचं पाऊल स्वतःच टाकतात : 'मग दादांची बीपीची गोळी चालू आहेच की, आकडी नाही येणार.' नाही. माणसांच्या व्यसनमुक्तीसाठी या गोळ्यांना उपचार म्हणून मान्यता नाही. डॉक्टर त्या काळात वेगळी औषधं देतात, मोजून आणि कमी करत करत, आणि सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व.

आता ते अटेनोलॉल आठवा. दारू तुटल्यावर नाडी धावते आणि हात कापतात, त्यावरून घरच्यांना कळतं की काहीतरी बिघडतंय. अटेनोलॉल नाडी आणि कंप दोन्ही झाकतं. बीपीचं मशीन चांगला आकडा दाखवेल, घड्याळ ७२ ठोके दाखवेल, आणि आत मेंदू पेटलेला असेल. म्हणून अशा माणसाजवळ बसताना स्क्रीनकडे बघू नका, त्याच्याशी बोला. आज वार कोणता, आपण कुठे बसलोय, समोर कोण आहे, हे विचारा. उत्तरं भरकटायला लागली तर गाडी काढा.

दारू सोडू नका असं मी म्हणत नाही. रोज पिणाऱ्याने सोडायची ठरवली तर श्रावण लागायच्या आधी, पुरेशा दिवसांनी, डॉक्टरांकडे जा आणि रोजचं प्रमाण खरं सांगा. तुम्ही सोबत असाल तर पाकिटांचे फोटोही दाखवा, चक्करच्या आणि मुंग्यांच्या गोळ्यांसकट. वडील आकडा कमी सांगतील. तुम्ही बाहेर येऊन हळूच बरोबर आकडा सांगा. डॉक्टरांना त्याची सवय असते.

फोनमध्ये आत्ताच तीन नंबर सेव्ह करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी, मराठीतही बोलता येतं. आणि आकडी किंवा भास सुरू झाले, तर १०८. आकडी येत असताना तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आणि आकडी किती वेळ चालली ते फोनच्या घड्याळावर बघून ठेवा. आणि १०८ ला गावाचं नाव सांगताना नुसतं 'चंदगड' म्हणून थांबू नका. वाडीचं नाव, जवळचा फाटा आणि रस्त्यावर कोण उभं राहणार आहे, तेही सांगा.